घरे का कोसळतात?

मृगाच्या पहिल्या सरी आल्या की आमच्या तालुका वार्ताहरांकडून एका ठराविक मजकुराची बातमी येऊ लागते. अमुक गावी, तमुक वाड्यावर, रात्री घराची भिंत कोसळली. सुदैवाने कोणी जखमी झाले नाही. तलाठ्याने पंचनामा केला. पेडणे आणि डिचोली या तालुक्यांतून अशी एकही बातमी आली नाही, असा पावसाळा आमच्या आठवणीत नाही. कारण म्हणून बातमीत ‘मुसळधार पाऊस’ असे लिहिलेले असते आणि वाचणाराही ते निमूटपणे मान्य करतो. परंतु पाऊस गोमंतकाला नवा नाही. त्याच पावसात, त्याच वाड्यावर, त्याच मातीचे आणि त्याच वयाचे शेजारचे घर खुशाल उभे असते. जुलै २०२१ सारखा महापूर आला, घराभोवती कमरेएवढे पाणी तुंबले, तर मातीची भिंत विरघळणारच. तेथे घरमालकाला बोल लावणे अन्यायाचे होईल. पण दरवर्षी पडणारी बहुतेक घरे पुराने पडत नाहीत. ती आदल्या चार-पाच उन्हाळ्यांत आधीच पडलेली असतात, पाऊस केवळ निमित्त होतो.

आपल्याकडे वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. शंभर चौरस मीटरचे छप्पर असलेल्या साध्या घरावरून एका पावसाळ्यात तीन लाख लिटर पाणी वाहून जाते, असा याचा सरळ हिशेब आहे. एवढे पाणी अंगावरून घालविण्याचे काम जे कौल करते, त्याची किंमत हॉटेलातल्या भाजीपावापेक्षा फारशी अधिक नाही. बाझल मिशनने १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ती चपटी, खाचांची कौले हळूहळू साऱ्या किनाऱ्यावर पसरून आपल्या नळ्यांच्या जागी बसली. कौल उत्तम भाजलेले असेल तर ते पिढ्यान्‌पिढ्या टिकते. मात्र माकडाने उडी मारली, नारळ पडला, फणसाची फांदी घासली की ते तडकते, आणि तडकलेले कौल खालून दिसत नाही.

मग जे घडते ते फार सावकाश घडते. पहिल्या वर्षी रीप भिजते. दुसऱ्या वर्षी ती कुजते व तिच्यावरची रांग बोटभर खाली सरकते. आता एका कौलाच्या जागी दहा कौलांच्या सांध्यांतून पाणी झिरपू लागते. तिसऱ्या वर्षी वाशाचे टोक मऊ पडते, आणि मऊ लाकडाचा सुगावा वाळवीला आपल्या आधी लागतो. चौथ्या वर्षी पाणी भिंतीच्या माथ्यावर उतरते. मातीची अथवा मातीच्या सांध्यांनी बांधलेली चिऱ्याची भिंत पायाशी थोडी ओल सोसते. माथ्यातून आत शिरलेले पाणी तिला सोसत नाही. आढ्याखाली काळा डाग दिसला की आपण म्हणतो, ‘जरा गळते’, आणि खाली बादली ठेवतो. त्या बादलीत घराची किंमत थेंबाथेंबाने जमा होत असते, हे ध्यानात यायला पाचवा पावसाळा उजाडावा लागतो.

पूर्वी वैशाखात घर शाकारणे हे भाताच्या पेरणीइतकेच ठरलेले काम होते. कौले उतरवून झाडायची, शेवाळ खरवडायचे, फुटकी बाजूला काढायची, रिपा ठोकून पाहायच्या आणि पुन्हा रांगा लावायच्या. आज दरवर्षी सगळे छप्पर परतण्याची आवश्यकता नाही, तसा आमचा आग्रहही नाही. पण एका स्वच्छ सकाळी घरातले दिवे मालवून, दारे-खिडक्या लावून माळ्यावर चढावे. जेथून उजेडाची तिरीप आत येते तेथून पाणी येणार, ही परीक्षा फुकटची आहे. दोन पाखी मिळतात त्या पन्हळीत वर्षभराचा पाला साचून कुजलेला असतो. तो मूठभर पाला काढला नाही तर पन्हळ भरून वाहते आणि पाणी थेट भिंतीवर जाते. छपरावर आलेली फांदी मेमध्ये तोडावी, जुलैत वादळ ती तोडील तेव्हा कौलांसकट तोडील.

छपराखालोखाल लक्ष जोत्याकडे हवे. डिचोलीच्या डोंगर-उतारावरील कितीतरी घरांच्या मागे दरवर्षी थोडी थोडी माती घसरून येते. दहा-पंधरा वर्षांत ती जोत्याच्या वर चढते आणि मागची भिंत अक्षरशः चिखलात उभी राहते. फावड्याने ती माती ओढावी, भिंतीपासून हातभर अंतरावर पाण्याला चर काढून द्यावा. घरच्या दोन माणसांचे हे एका दिवसाचे काम आहे. पावसाळ्यासाठी भरलेली जळाऊ लाकडे पडवीत भिंतीला टेकवून रचण्याची आपली पद्धत म्हणजे वाळवीला दिलेले आमंत्रण होय. ती चार बोटे दूर, दगडांवर रचावीत. वाशांच्या टोकांना काजूच्या टरफलांचे तेल चोपडण्याची रीत आपल्या वाडवडिलांची. ती मोडण्यासारखे काही झालेले नाही. भिंतीच्या फटीत पिंपळ उगवतो. त्याच्यावर कोयता चालवायला आपले मन धजत नाही, हे आम्ही जाणतो. म्हणूनच तो दोन पानांचा असतानाच अलगद उपटून देवळाच्या आवारात नेऊन लावावा. मनगटाएवढा झाल्यावर पिंपळ राहील किंवा भिंत राहील.

येथे एका चुकीच्या खर्चाविषयीही लिहिणे प्राप्त आहे. भिंत ओली दिसली की गवंड्याला बोलावून वरून सिमेंटचा गिलावा चढवायचा आणि त्यावर चकचकीत रंग मारायचा, हा हल्लीचा सर्वमान्य उपाय होऊन बसला आहे. जुन्या घरांना शिंपल्यांच्या चुन्याचा गिलावा असे, तो केवळ सिमेंट नव्हते म्हणून नव्हे. चिरा पाणी शोषतो आणि उन्हाळ्यात ते बाहेर सोडतो. चुना त्याला ते सोडू देतो. सिमेंट ही वाट बंद करते. ओल आत कोंडते, गिलावा पोकळ होतो आणि दोन-तीन वर्षांत त्याची ढलपी पडते. म्हणजे अधिक पैसे खर्चून आपण भिंतीचे आयुष्य कमी केले! काँक्रीटच्या घराची गोष्ट वेगळी; पण मातीच्या व चिऱ्याच्या जुन्या भिंतीला चुनाच मानवतो.

हे सारे ठाऊक असूनही का होत नाही? आमच्या मते त्याचे उत्तर गवंडीकामात नाही, कुटुंबात आहे. मूळ घर एक आणि वाटेकरी सतरा. कोणी मुंबईत, कोणी पणजी-म्हापशात, कोणी आखाती देशांत. चवथीला सगळे येतात, माटोळीखाली दाटीवाटीने बसतात, आरत्या म्हणतात, गळणाऱ्या जागेखाली बादली सरकवतात आणि विसर्जन झाले की आपापल्या वाटेने जातात. भिंतींना रंग मात्र चवथीपूर्वी, भर पावसात, ओल्या भिंतीवर दिला जातो. गणपतीच्या खोलीपुरता खर्च करायला प्रत्येकजण पुढे असतो. कौलांचा विषय निघाला की ‘आधी वाटण्या होऊ देत’ असे उत्तर मिळते. वाटण्या होतात तेव्हा वाटायला भिंती उरलेल्या नसतात.

जेथे हक्कच संशयित होता तेथे गोष्ट आणखी दुःखाची. मये गावातील जमीन मुक्तीनंतर परागंदा मालमत्ता ठरली आणि तेथील पिढ्यान्‌पिढ्यांचे रहिवासी दशकानुदशके आपल्याच घरात उपरे राहिले. त्या प्रश्नावर कायदा व्हायला २०१४ साल उजाडले. ज्या घराची मालकी आपली नाही त्याच्या छपराला कोण पैसा लावणार? मुंडकारांना १९७५ च्या कायद्याने संरक्षण मिळाले, पण राहत्या घराची रीतसर खरेदी करून कागद नावावर करून घेण्याचे काम पुष्कळांनी अजून पुरे केलेले नाही. घरपट्टीची पावती, वीजबिल, भूमापन नकाशावर घराची दाखविलेली आकृती, एक-चौदाचा उतारा ही कागदपत्रे कोरड्या जागी नीट जपणे हादेखील घराच्या डागडुजीचाच भाग आहे.

या प्रश्नाला आज नवे गांभीर्य आले आहे. मोपचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला आणि पेडण्यातील जमिनीकडे दूरदूरच्या ग्राहकांचे डोळे लागले. असा ग्राहक घर पाहायला येतो तेव्हा प्रथम वर पाहतो. वाकलेले आढे आणि ओलीचा डाग दिसला की ‘हे पाडावेच लागेल’ म्हणून घराची किंमत शून्य धरतो आणि केवळ जमिनीचा भाव करतो. विकण्याचा विचार नसलेल्यालाही यात धोका आहे. फेब्रुवारी १९९१ मध्ये किनारी नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना निघाली, तेव्हापासून मोरजी, मांद्रे, हरमल, केरी येथील भरतीरेषेलगतच्या ना-विकास पट्ट्यात नवे घर उभारणे जवळजवळ अशक्य झाले आहे. अधिकृत जुन्या बांधकामाची दुरुस्ती मात्र, परवानगी घेऊन आणि मूळ मर्यादेत, करता येते. तेथे उभे असलेले घर हाच हक्काचा पुरावा आहे. ते भुईसपाट झाल्यावर ‘येथे आमच्या आजोबांचे घर होते’ हे सिद्ध करण्यासाठी कचेरीच्या किती पायऱ्या झिजवाव्या लागतात, ते अनुभवी माणसांना विचारावे.

अडचण आहे ती कारागिरांची. छपरावर अनवाणी चढून, एकही कौल न फोडता रांग लावणारा माणूस आज गावात शोधावा लागतो. जे आहेत ते साठीच्या पुढचे. त्यामुळेच बरेच लोक कौले काढून पत्रे घालतात. त्यांना आम्ही दोष देत नाही, पण पत्र्याखालची दुपार ज्याने काढली आहे त्याला अधिक सांगायला नको. पेडणे व डिचोली येथील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी कौलकाम आणि चुनेकाम यांचा एखादा अल्पमुदतीचा वर्ग काढावा आणि शिकवायला याच म्हाताऱ्या कारागिरांना मानधन देऊन बोलवावे, अशी आमची सूचना आहे. पंचायतींनी आपल्या गावातील अशा माणसांची यादी फलकावर लावली तरी निम्मे काम होईल.

मृगाला आता फार दिवस उरलेले नाहीत. यंदा निदान फुटकी कौले बदलावीत आणि पन्हळी साफ कराव्यात. उरलेल्या कामासाठी येत्या चवथीला, सगळे वाटेकरी एका छपराखाली असतील तेव्हा, आरतीनंतर वही काढावी, प्रत्येक घरटी कौलांची वर्गणी लिहून घ्यावी आणि वैशाखात माळ्यावर कोण चढणार त्याचे नावही तेथेच ठरवावे.