डॉक्टरकीच्या अभ्यासात माणुसकीचा धडा

अम्मी ओपीडीत जातात. दखनीत दोन वाक्यं बोलतात, तोवर चिठ्ठी लिहून झालेली असते. रमजानमध्ये शुगरची गोळी कधी घ्यायची, हे विचारायचं राहूनच जातं. मग गोळी सोडली जाते आणि तब्येत बिघडते. हा अनुभव आपल्यापैकी अनेकांचा आहे. ऐकून घेणं हा उपकार नसून उपचाराचाच भाग आहे, तो यासाठी.

2019 पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात 'एटकॉम' म्हणजे वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांचे धडे आले. पुढे गावातली कुटुंबं दत्तक घेण्याचा उपक्रमही जोडला गेला. पाऊल चांगलं आहे. पण लॉगबुकात सही झाली की विषय संपला, असं झालं तर काय उपयोग?

खरा धडा आपल्याच जिल्ह्यात, जामखेडला आहे. 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे तिथे आले. भाग दुष्काळी. लोकांनी आधी पाणी आणि अन्न मागितलं. आरोळे दांपत्याने ते ऐकलं, कामाची सुरुवात तिथूनच केली. मग गावोगावच्या बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं. त्यांत दलित होत्या, कधी शाळेत न गेलेल्याही होत्या. बाळाचं वजन, बाळंतपण, कुष्ठरोग, सगळं त्या शिकल्या. जातीपातीची शिवाशिव बाजूला ठेवून एकत्र बसल्या. 1979 मध्ये या कामाला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जगभरातून लोक इथे शिकायला येतात. मग लोणी आणि नगरच्या मेडिकल कॉलेजांतल्या मुलांनी काही दिवस अशा आरोग्यसेविकांच्या मागे फिरायला काय हरकत आहे?

दुसरी बाजूही पाहू. सलग ड्युटीने थकलेल्या निवासी डॉक्टरकडून गोड बोलण्याची अपेक्षा करताना त्याच्या झोपेचा विचार कोण करतो? वॉर्डात पंधरा नातेवाईक घेऊन शिरणारे, आवाज चढवणारे आपणही असतोच. डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध राज्याला 2010 मध्ये कायदा करावा लागला, ही आपल्या सर्वांसाठी शरमेची गोष्ट आहे.

आजाऱ्याची अयादत हा इस्लामने रुग्णाचा हक्क मानला आहे. आपली मुलं-मुली आज नीटची तयारी करताहेत. मार्कांबरोबरच त्यांना मोहल्ल्यातल्या एखाद्या आजारी म्हाताऱ्याजवळ बसायलाही शिकवू या. कॉलेज उरलेलं शिकवेल, सुरुवात मात्र घरातूनच व्हायला हवी.