सोडून दिला म्हणून सुटलो का?



मागच्या आठवड्यात आमच्या महिला मंडळात एक विषय निघाला आणि मी एकटी पडले. तिथे धड बोलता आलं नाही, म्हणून आज इथे सविस्तर लिहिते.

माझी लेक अमेरिकेत मिनेसोटा राज्यात राहते. थंडीत तिथली तळी गोठलेली असतात, त्यामुळे उन्हाळा आला की माणसं पाण्यावरच असतात. मेच्या मध्यावर वॉलआय माशाचा हंगाम उघडतो आणि जूनच्या पहिल्या शनिवारी मस्कीचा. वॉलआय हा त्या राज्याचा मानाचा मासा आहे, कायद्यानेच ठरवलेला. जावयांच्या ऑफिसातल्या एका मित्राचं मिल लॅक्स तळ्याकाठी घर आहे. तिथे ही सगळी दोन दिवस गेली होती. रात्री व्हिडिओ आला. माझा नऊ वर्षांचा नातू होडीत उभा, हातात तडफडणारा मासा. मग त्याने तो पाण्यात सोडला आणि ओरडला, "आजी, मी सोडून दिला!"

आणि मी टाळ्या वाजवल्या.

हे आधीच सांगून टाकते. पुढे जे कडक लिहिणार आहे, ते पहिल्यांदा मलाच लागू आहे.

मंडळात सगळ्यांचं म्हणणं एकच पडलं. खाल्ला नाही, मारला नाही, सोडून दिला, मग दोष कसला? एक जण तर म्हणाली, "अहो, उलट जीवदान दिलं पोराने!"

जीवदान? मग त्या माशाला संकटात घातलं कोणी?

ही मासेमारी कशी चालते ते मी लेकीला खोदून खोदून विचारलं. वॉलआयच्या डोळ्यात मांजरासारखा चमकणारा पडदा असतो, त्याला अंधुक उजेडात छान दिसतं. म्हणून तो संध्याकाळी भक्ष्याला निघतो. आपण सूर्यास्ताआधी ताटं उचलतो, त्याच वेळी तिथे होड्या निघतात. उन्हाळ्यात गळाला लावतात जिवंत जळू, नाहीतर गांडूळ किंवा लहानगा मासा. जळू जिवंत हवी, कारण ती वळवळली तरच वॉलआय येतो. पाठशाळेत आपण काय शिकवतो? जळू आणि गांडूळ द्वींद्रिय, मासा पंचेंद्रिय. व्हिडिओत मासा सुटलेला दिसला. जळूचं काय झालं, ते मंडळात एकीनेही विचारलं नाही. मलाही दुसऱ्या दिवशी सुचलं.

मस्कीची तऱ्हा आणखी वेगळी. हा साडेचार फुटांच्याही पुढे वाढू शकणारा मोठा शिकारी मासा. याला तिथे 'दहा हजार फेकींचा मासा' म्हणतात, इतका तो क्वचित लागतो. मिनेसोटाच्या बहुतेक पाण्यात 54 इंचांपेक्षा लहान मस्की ठेवता येत नाही, त्यामुळे पकडलेली जवळजवळ प्रत्येक मस्की परत सोडतात. म्हणजे खायचा प्रश्नच नाही. माणूस दिवसभर तीन फाट्यांचे गळ फेकतो, कशासाठी? झुंज बघायला आणि फोटो काढायला.

आता "सोडला की झालं" याचा हिशेब बघू. मी बी.कॉम. झालेली बाई. उधारी दिली की त्यातली काही बुडणार, हे धरून तरतूद करावी लागते. मिनेसोटाचं सरकारी मत्स्य खातं नेमकं हेच करतं. सोडलेल्या माशांपैकी किती मरतील याचा अंदाज काढून तो पकडीच्या हिशेबात धरतं. 2016 मध्ये मिल लॅक्सवर प्रत्येक वॉलआय परत सोडण्याचा नियम होता. 2017 मध्येही तोच नियम होता, तरी जुलैत काही आठवडे वॉलआयची मासेमारीच बंद ठेवली. कारण पाणी तापलं की सोडलेले मासे जास्त मरतात. खोल पाण्यातून वर ओढलेल्या वॉलआयची हवेची पिशवी फुगते, त्याला खाली जाता येत नाही, तो वरच तरंगत राहतो. मस्कीवाले अनुभवी लोकही पाणी 80 अंश फॅरनहाइटच्या वर गेलं की थांबा म्हणतात. ज्यांचा धर्म त्यांना हे सोडायला सांगत नाही, ते एवढा हिशेब ठेवतात. आणि आपण म्हणायचं, दोष कसला!

बरं, समजा एकही मासा मेला नाही. तरी?

2003 साली ब्रिटनमध्ये लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशांच्या ओठात मधमाशीचं विष आणि ॲसिड टोचून पाहिलं. मासे तळाशी डुलत राहिले, काही जण ओठ खडीवर घासत राहिले, कितीतरी वेळ अन्नाला तोंड लावेनात. हा प्रयोगही हिंसाच, मी त्याचं कौतुक करत नाही. शास्त्रज्ञांमध्ये माशाच्या वेदनेवर अजून वाद चालू आहे. पण पंचेंद्रिय जीवाला वेदना आहे हे कळायला आपल्याला 2003 ची वाट बघावी लागली होती का? स्वित्झर्लंडमध्ये तर 2008 पासून सोडून देण्याच्या हेतूने मासे पकडायलाच कायद्याने बंदी आहे. खायचं नसेल तर त्रास का देता, एवढा साधा विचार.

आता आपलं शास्त्र. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार दिले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. आपल्यापैकी अनेकींना ते पाठ आहेत. पण नीट बघा. इथला वध म्हणजे मारझोड, प्राण घेणं नव्हे. म्हणजे पाचातल्या एकातही जीव मरत नाही. बांधलं, मारलं, टोचलं, ओझं लादलं, उपाशी ठेवलं, एवढ्यानेही व्रताला डाग लागतो. गळ ओठातून आरपार जातो, तो छेद. दोरीला अडकवून ओढत आणलं, तो बंध. आचार्यांनी "मेला नाही ना?" ही पळवाट आधीच बंद करून ठेवली आहे. शिवाय गृहस्थाला स्वयंपाकात, शेतीत, धंद्यात होणारी हिंसा टळत नाही हे शास्त्र मान्य करतं. करमणुकीसाठी ठरवून केलेली हिंसा त्यात बसत नाही. ती संकल्पी आणि वर अनर्थदंड.

एका काकूंनी मृगसेन धीवराची कथा काढली. मुनींनी सांगितलं म्हणून त्याने जाळ्यात आलेला पहिला मासा सोडला, त्याचं पुण्य त्याला लाभलंच ना? लाभलं. पण काकू, मृगसेन पोटासाठी जाळं टाकत होता. तोच मासा पाच वेळा आला, पाचही वेळा त्याने सोडला, रिकाम्या हाताने घरी गेला आणि बायकोने दाराबाहेर काढलं. त्याच्या सोडण्याला किंमत पडली होती. आमच्या नातवाला त्या रात्री गरम जेवण मिळालं आणि आजीच्या टाळ्या मिळाल्या.

मिल लॅक्सच्या काठी ओजिब्वे हे मूळ रहिवासी आहेत. 1837 च्या कराराने मिळालेला त्यांचा मासेमारीचा हक्क अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये मान्य केला. ते खाण्यासाठी मासे धरतात. तो आपला मार्ग नाही, पण माझं भांडण त्यांच्याशी नाही, होडी घेऊन निघणाऱ्या तिथल्या शेजाऱ्यांशीही नाही. माझं भांडण माझ्या घराशी आणि आपल्या मंडळाशी आहे.

"मुलांना तिथे राहायचंय, मिसळायला नको का?" हो, मिसळू दे. तळ्यावर जाऊ दे, होडी वल्हवू दे, पोहू दे. तिथे लून नावाचा पाणपक्षी आहे, त्याची हाक ऐकत बसू दे. ज्या घरी आपण मांस नको म्हणून सांगू शकतो, तिथे गळ नको हे सांगायला एवढी जीभ का अडते?

कोणी म्हणेल, तुम्ही स्वतः पूजेला रेशीम नेसता. खरं आहे, कपाटात दोन रेशमी साड्या आहेत. त्यांचं उत्तर मला द्यायचंच आहे. पण एका चुकीच्या आडोशाला दुसरी लपवू नये.

पुढच्या महिन्यात नातवाचा वाढदिवस. त्याला स्वतःचा रॉड हवाय आणि लेक म्हणाली, "आई, तूच घेऊन दे, तो खूश होईल." हिंसेचं साधन हातात देणं म्हणजे हिंसादान, हे मी तिला लहानपणी शिकवलं होतं. मी नाही म्हटलं. लेक दोन दिवस नीट बोलली नाही. मग मी नातवाला फोन केला. म्हटलं, "बाळा, त्या दिवशी आजी चुकली. टाळ्या वाजवायला नको होत्या. माशाच्या ओठाला भोक पडलं होतं."

तो गप्प झाला. मग म्हणाला, "आजी, त्याला खूप दुखलं असेल का?"

मी "हो" म्हटलं. गोड करून सांगितलं नाही. त्याला दुर्बीण पाठवणार आहे, लून बघायला. रॉडचा हट्ट सुटेल की नाही, माहीत नाही.

चातुर्मास तोंडावर आला आहे. पायाखाली जीव येऊ नयेत म्हणून आपले मुनी चार महिने विहार थांबवतात. आपल्यापैकी किती जणींची मुलं, नातवंडं याच दिवसांत अशा तळ्यांवर जात असतील. व्हिडिओ आला तर टाळ्या वाजवण्याआधी थोडं थांबा. करणारा, करवणारा आणि वाहवा करणारा, तिघेही त्यात असतात.

जय जिनेंद्र.