पहाटेचा एक तास

चाळिशी उलटली की माणसाला दोन गोष्टी जडतात : चष्मा आणि उपदेश करण्याची खोड. मला तिसरीच बाधा झाली. कथा कशी वाचावी हे मुलांना वीस वर्षे शिकविल्यावर, चव्वेचाळिसाव्या वर्षी ती लिहावी असे वाटू लागले.

कॉलेजात असताना माझ्या दोन कथा छापून आल्या होत्या. पुढे नोकरी, लग्न, मुले, घराचे कर्ज आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. ‘वेळ मिळाला की लिहू’ हे पालुपद तेवढे चालू राहिले. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत मात्र माडीवर टेबल मांडले. शांतता होती, नवी वही होती. आठ दिवसांत पहिले वाक्य अठरा वेळा खोडले!

तेव्हा महादेव मोरे आठवले. आमच्या मुरगूडहून निपाणी काही लांब नाही. तिथे मोऱ्यांनी वर्षानुवर्षे पिठाची गिरणी चालविली आणि ती चालवीतच कथा-कादंबऱ्या लिहिल्या. 2024 साली ते गेले. गिरणी म्हटली की पट्ट्याचा खडखडाट, अंगभर पीठ आणि दळणाला आलेल्यांच्या गप्पा आल्याच. तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बाया आणि ड्रायव्हर त्यांच्या लेखनात आले, ते अशा रोजच्या राबत्यातून. मी मात्र माणसांपासून दूर, माडीवर बसून माणसे शोधीत होतो.

वही खाली आणली. पहाटे साडेचार ते साडेपाच ही वेळ ठरविली. पहिल्या तासाला नेहमी उशिरा येणारा एक विद्यार्थी कथेत घेतला. वर्षभर मी त्याला रागावत आलो होतो. पण लिहिताना पेन अडले : हा उशिरा का येतो? दुसऱ्या दिवशी विचारले, तर धारा काढून, डेअरीला दूध घालून तो सायकलवरून येत होता. शिक्षक म्हणून जे विचारायला हवे होते, ते विचारायला मला कथा लिहावी लागली!

घरी मात्र निराळेच प्रकरण उभे राहिले. पत्नी म्हणाली, “अहो, या वयात हे काय?”

मी लक्ष्मीबाई टिळकांचा दाखला दिला. 1934 साली ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग निघाला तेव्हा त्यांनी पासष्टी ओलांडली होती.

“त्या घर सांभाळून लिहीत होत्या,” ती म्हणाली. “तुमचं घर मी सांभाळते. गजर तुमचा होतो, उठते मी.”

यावर मराठीच्या प्राध्यापकालाही उत्तर सुचेना. त्या दिवसापासून पहाटेचा चहा आणि नळाचे पाणी माझ्याकडे आले. लेखनाचा तास पाऊण तासाचा झाला; पण तो आता उसना वाटत नाही.

कथा पुरी झाल्यावर तिलाच वाचून दाखविली. तिने शांतपणे ऐकली आणि विचारले, “त्या पोराच्या आईला यात एकही वाक्य कसं नाही? म्हशीपाशी ती नसते का?”

वाचकहो, दिवाळीची सुटी लागली आहे. फराळाचा घमघमाट आहे, पाहुणे यायचे आहेत. मी मात्र पहाटे नळाखाली घागर लावून ती कथा पुन्हा पहिल्यापासून लिहीत आहे.