पाठ कुणाची, खुर्ची कुणाची?

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका ओळखीच्या घरी जाणं झालं. तिळगूळ हातावर पडायच्या आधीच सगळ्याजणींची नजर हॉलच्या कोपऱ्यात गेली. काळी, भलीमोठी, विमानातल्या सीटसारखी मसाजची खुर्ची! पुण्याच्या मुलानं आईसाठी पाठवलेली. मग काय, वाण राहिलं बाजूला आणि प्रत्येकीला त्यात बसून पाहायचं होतं. "मायबाई, पोटऱ्या त पिळूनच काढते वो हे!" म्हणून एक ओरडली, बाकीच्या हसून लोटपोट. जिच्यासाठी खुर्ची आली त्या काकू मात्र आत चहा गाळत होत्या. मी विचारलं, "काकू, तुम्ही किती वेळ बसता रोज?" तर म्हणाल्या, "मले कुठं वेळ हाय वो! तुमचे काका बसतात पेपर वाचत. मी पुसते तिले."

घरी आले तरी ते 'पुसते तिले' काही डोक्यातून जाईना.

लाख-दीड लाखाची, कधी त्याहून महाग खुर्ची माणसं का घेतात? दुखतं म्हणून, हे तर आहेच. पण अमरावती-अकोल्याकडच्या ज्या दोन-चार घरांत मी ती पाहिली, तिथं कारणं वेगळीच निघाली. एका घरी निवृत्तीचे पैसे आले होते. एका घरी व्याह्यांकडे होती म्हणून. आणि बहुतेक ठिकाणी मुलं लांब आहेत म्हणून. आईचे पाय दाबायला आपण तिथं नाही, ही टोचणी मुलांना असते. मी त्याला हसणार नाही. लेकराची माया कुरिअरनं आली तरी ती मायाच.

जपानमध्ये ओसाका शहरात नोबुओ फुजिमोतो यांनी १९५४ साली पहिली अशी खुर्ची तयार केली, तीही भंगारातल्या वस्तू जोडून. ती ठेवली गेली सार्वजनिक स्नानगृहांत. म्हणजे येईल त्या थकल्या माणसानं नाणं टाकावं, अंग मोकळं करून घ्यावं. ती दिवाणखान्यात येऊन प्रतिष्ठेची वस्तू झाली, ते नंतर.

मालीश आपल्याला काही नवीन नाही. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारखी १९१४ पासूनची संस्था आपल्या गावात आहे. आखाडा, तेल, कमावलेलं अंग हे सगळं अमरावतीकरांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलंय. पण बाईच्या अंगाला तेलाचा हात लागतो कधी? जन्मल्यावर आणि बाळंतपणात. बाजेवर सव्वा महिना शेकशेगडी झाली की संपलं. दिवाळीत पहाटे उठून ती सगळ्यांना तेल-उटणं लावते, पाडव्याला नवऱ्याला न्हाऊ घालते, आणि स्वतः घाईघाईत दोन तांबे अंगावर घेऊन फराळाच्या ताटांना लागते. तिच्या पाठीपर्यंत तिचा स्वतःचा हात पोचत नाही हो!

सरकारनं २०१९ साली वेळेच्या वापराची देशभर पाहणी केली होती. घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, तर अशी कामं करणाऱ्या पुरुषाची ९७. जवळजवळ पाच तास! त्यातून वीस मिनिटं काढून खुर्चीत बसायचं, तर तेवढा वेळ कुकरजवळ दुसऱ्या कुणी उभं राहायला हवं. मुलानं खुर्ची पाठवली, ती वीस मिनिटं कुणीच पाठवली नाहीत.

खुर्ची घेऊ नका असं माझं म्हणणं नाही. आखडलेले स्नायू तिनं सैल होतात, झोपही बरी लागते. पण गुडघ्याची झीज किंवा मणक्यातली दबलेली नस तिनं बरी होत नाही. हाडं ठिसूळ झालेल्यांनी, पेसमेकर बसवलेल्यांनी, पायात रक्ताची गुठळी असलेल्यांनी, गरोदर बायांनी आणि साखरेमुळे पाय बधिर झालेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बसूच नये. दुकानात दहा मिनिटं बरं वाटलं म्हणून लगेच हप्ते बांधून घेऊ नयेत.

आणि त्याआधी एकदा आपला ओटा बघा. बांधताना मिस्त्रीनं तुमची उंची विचारली होती का? माझ्याकडे तर नव्हती विचारली. पंधरा वर्षं मी वाकून पोळ्या लाटल्या आणि दोष वयाला दिला. शेवटी पोळपाटाखाली जाड पाट ठेवला, कंबर निम्मी शांत झाली. खर्च शून्य.

बचत गटाच्या कामानं मी भातकुलीकडच्या खेड्यांत जाते. कापूस वेचायच्या दिवसांत तिथल्या बाया दिवसभर वाकलेल्या असतात, कमरेला ओटीतल्या कापसाचं वजन, मजुरी किलोवर. संध्याकाळी एकजण ओसरीवर पालथी पडते आणि सहा-सात वर्षांची लेक भिंतीला धरून तिच्या पाठीवर चालते. "इथं नाही, जराशी खाली," असं ती डोळे मिटून सांगत असते.

पुढच्या महिन्यात आमच्या मंडळात आम्ही एका फिजिओथेरपिस्ट बाईंना बोलावतोय. कंबर-गुडघ्याचे साधे व्यायाम त्या शिकवतील. वेळ मुद्दाम संध्याकाळची ठेवलीय. तुमच्याकडे धुणंभांड्याला येणाऱ्या बाईलाही सोबत आणा; त्याआधी तिची कामं आटपत नाहीत.