बाळंतपणाचा निर्णय कोणाचा?

गोवंडीच्या शिवाजीनगर किंवा बैंगनवाडीतील घरात बाळंतपण जवळ आले की निर्णय बहुधा तीन गोष्टींवर ठरतो : हाताशी पैसा किती, अपरात्री रिक्षा मिळेल काय आणि सासूबाईंचे म्हणणे काय. जिचे बाळंतपण तिचे मत या यादीत असलेच तर शेवटी असते.

घरी की रुग्णालयात, हा जुना वाद आता जवळजवळ मिटला आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात शंभरांपैकी सुमारे ९५ प्रसूती रुग्णालयात वा प्रसूतिगृहात होतात. सुईण मागे पडली म्हणून हळहळण्याचे कारण नाही. अतिरक्तस्राव सुरू झाला किंवा झटके आले तर तिच्यापाशी उपाय नसे. परंतु वेणा सुरू झाल्यापासून मूल हाती येईपर्यंत ती उशाशी बसून राही, आणि नेमकी हीच गोष्ट गर्दीने भरलेल्या प्रसूतिकक्षात दुर्मीळ झाली. खरा प्रश्न आता रुग्णालयाच्या दाराच्या आत आहे.

त्याच पाहणीचे आणखी दोन आकडे पाहावेत. देशातील खासगी रुग्णालयांत शंभरांपैकी ४७ प्रसूती शस्त्रक्रियेने झाल्या, सरकारी रुग्णालयांत १४. अडलेले बाळंतपण काही दारावरची पाटी वाचून येत नाही. उलट गुंतागुंतीच्या पुष्कळ बाया अखेर महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांकडेच धाडल्या जातात. मग ही तफावत कशाने? जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये स्पष्ट केले होते की, लोकसंख्येच्या पातळीवर हे प्रमाण शेकडा दहाच्या पुढे गेल्याने माता व नवजात मृत्यू आणखी घटल्याचे दिसत नाही. योग्य वेळी केलेले सिझेरियन दोन जीव वाचवते, हे निर्विवाद आहे. परंतु ‘बाळ गुदमरेल’ हे दोन शब्द कानी पडल्यावर कोणते कुटुंब कारण विचारण्याच्या मनःस्थितीत असते? अशा वेळी कागदावर उमटवलेल्या अंगठ्याला संमती म्हणणे धाडसाचे आहे. निवड करायची तर माहिती आधी, सातव्या-आठव्या महिन्यात, तिच्या भाषेत मिळाली पाहिजे.

ती देणार कोण? तज्ज्ञ डॉक्टरला तेवढी फुरसत नसते. केंद्र सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये प्रसाविका-सेवेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, त्यामागे हाच विचार होता. नोंदणीकृत परिचारिकेला अठरा महिन्यांचे विशेष प्रशिक्षण द्यायचे आणि निर्धोक प्रसूती तिच्याकडे सोपवायच्या. ही सुईणीची पुनर्स्थापना नव्हे. रक्तदाब वाढलेली, पंडुरोगाने खंगलेली किंवा पूर्वी सिझेरियन झालेली स्त्री डॉक्टरकडेच जाईल; कोणाला केव्हा पुढे पाठवायचे हे ओळखणे प्रसाविकेच्या शिक्षणाचाच भाग आहे. तेलंगणाने हा प्रयोग २०१७ मध्येच हाती घेतला, आणि त्याला निकडही होती. त्या राज्यात पुढच्याच पाहणीत शंभरांतील साठांहून अधिक प्रसूती शस्त्रक्रियेने झालेल्या आढळल्या.

अधिकार कागदावर कमी नाहीत. सरकारी रुग्णालयात सिझेरियनसह प्रसूती विनामूल्य असावी, ही योजना २०११ ची. प्रसूतीच्या वेळी एक सोबतीण जवळ ठेवण्यास केंद्राने २०१६ मध्ये मान्यता दिली. सरसकट छेद घेऊ नये आणि वेणांच्या वेळी बाईला हिंडूफिरू द्यावे, हे जागतिक संघटनेने २०१८ मध्ये सांगितले. परंतु एकेका खाटेसाठी झगडा असलेल्या कक्षात सोबतीण उभी राहणार कोठे? त्यातून गोवंडीतील अनेक मुली पहिल्या बाळंतपणाला मराठवाड्यातील किंवा उत्तर प्रदेशातील माहेरी जातात. तपासण्यांचे कार्ड मुंबईतल्या पेटीत राहते आणि तेथील डॉक्टरपुढे ती नवखी म्हणूनच उभी राहते.

महापालिकेने या वस्तीलगतच्या प्रसूतिगृहांत प्रसाविकांची स्वतंत्र पदे निर्माण केली आणि शस्त्रक्रियागृह हाकेच्या अंतरावर ठेवले, तर या तत्त्वांना काही अर्थ येईल. अठरा महिने शिकून आलेल्या परिचारिकेला पुन्हा लसीकरणाच्या टेबलाशीच बसवले, तर तो खर्चही वाया आणि ते शिक्षणही.