वेळखाऊ कोण : यंत्र की सवय?

पेट-एमआरआयचा, म्हणजे किरणोत्सारी औषध टोचून करायचे पेट स्कॅन आणि एमआरआय एकत्र घेणाऱ्या तपासणीचा, विषय निघाला की कर्करोगाच्या डॉक्टरांकडून एक आक्षेप हमखास येतो. पेट-सीटी वीसेक मिनिटांत उरकते, इथे तास जातो. मग दुखण्याने बेजार झालेल्या माणसाला त्या बोगद्यात कशाला अडकवायचे? आक्षेप खोटा नाही. कर्करोग हाडांत पसरला असेल तर तासभर न हलता उताणे पडणे ही शिक्षाच, आणि रुग्ण हलला की चित्र बिघडते. पण त्यावरून हे यंत्र म्हणजे संशोधन संस्थांनी बाळगायची महागडी चैन, असा जो निष्कर्ष काढला जातो, तो मला साफ अमान्य आहे.

तास नेमका कुठे जातो? पेटमधल्या जुन्या फोटोमल्टिप्लायर नळ्या चुंबकाजवळ निकामी होतात, ही खरी अडचण होती. २०१० च्या अखेरीस म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात सीमेन्सचे ‘बायोग्राफ एमएमआर’ बसले तेव्हा ती सुटलेली होती. नळ्यांच्या जागी फोटोडायोड आले, पेटचे कडे तीन टेस्लाच्या चुंबकाच्या आत गेले आणि दोन्ही तपासण्या एकाच वेळी होऊ लागल्या. हे कडे सुमारे २५ सेंटिमीटर रुंद असते, म्हणून कवटीच्या तळापासून मांडीपर्यंत टेबल चार-पाच टप्प्यांत सरकवावे लागते. प्रत्येक टप्प्यावर पेटला तीन-चार मिनिटे पुरतात. तेवढ्या मिनिटांत मावेल तितकाच एमआरआय घेतला, तर सगळे काम पेट-सीटीच्या वेळेच्या आसपास आटोपते. उरलेला वेळ जातो सवयीत. छातीचा, पोटाचा, ओटीपोटाचा स्वतंत्र एमआरआय करताना जेवढे सिक्वेन्स, म्हणजे वेगवेगळ्या प्रकारच्या चित्रमालिका, घेतात, तेवढे सगळे इथेही एकापुढे एक लावले जातात.

उपाय त्यातच आहे : आधी प्रश्न, मग सिक्वेन्स. लिम्फोमा कुठवर पसरला एवढेच पाहायचे असेल, तर प्रत्येक टप्प्यावर चरबी आणि पाणी वेगळे दाखवणारा एक सिक्वेन्स, एक जलद टी-२ आणि गरजेपुरते डिफ्यूजन बस झाले. गर्भाशयमुखाच्या किंवा गुदाशयाच्या गाठीत ओटीपोटाचे बारकावे हवेत. तिथे सावकाश थांबावे आणि बाकी शरीर झपाट्याने पुढे न्यावे. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी पीएसएमए शोधणारे किरणोत्सारी औषध वापरतानाही हेच.

दुसरा आक्षेप भौतिकशास्त्राचा आहे आणि जास्त वजनदार आहे. शरीरातून बाहेर येताना किरण किती शोषले गेले, हे सीटी थेट सांगते. एमआरआय सांगत नाही. पहिल्या पद्धतींनी हवा, फुप्फुस, चरबी आणि मऊ ऊती एवढेच भेद केले आणि हाडालाही मऊ ऊती मानले. त्यामुळे हाडातल्या गाठीचे आकडे कमी यायचे. आता क्षणार्धात विरणारा हाडाचा संकेत पकडणारे सिक्वेन्स आले आहेत, एमआरआयवरून सीटीसारखा नकाशा रचणारी सॉफ्टवेअरही आली आहेत. चूक पूर्ण संपलेली नाही, पण त्या चुकीच्या नावाने सगळे तंत्र बाद करणे आज न्याय्य राहिलेले नाही.

फुप्फुसांपुरता प्रतिपक्षाचा मुद्दा मी बिनशर्त मान्य करतो. काही मिलिमीटरच्या गाठी तिथे सीटीलाच नीट दिसतात. फुप्फुसाच्या कर्करोगाचा रुग्ण पेट-सीटीलाच जावा. यकृतातले डाग, मेंदूतल्या गाठी, ओटीपोट इथे मात्र एमआरआयची नजर सरस आहे, आणि तिथल्या रुग्णाला दोन वेगवेगळ्या दिवशी दोन तपासण्यांना फिरवण्यात कसली काटकसर?

मुलांच्या बाबतीत तर मी घाईच्याही विरुद्ध आहे. लिम्फोमाच्या मुलाची तपासणी उपचारभर पुन्हा पुन्हा होते. इथे सीटीचे किरण वगळले जातात आणि पेटला जास्त वेळ मिळाला की टोचायचे किरणोत्सारी औषधही कमी करता येते. दोन तपासण्यांसाठी दोनदा भूल द्यायची ती एकदाच द्यावी लागते. इथे वाचवलेल्या मिनिटांपेक्षा वाचवलेले किरण मोलाचे.

प्रौढांसाठी मात्र वेग हा सोयीचा नव्हे, न्यायाचा प्रश्न आहे. एफडीजी या पेटच्या नेहमीच्या औषधातले फ्लोरिन ११० मिनिटांत निम्मे होते, पीएसएमएसाठी वापरतात ते गॅलियम ६८ मिनिटांत. देशातला पहिला पेट स्कॅनर २००२ मध्ये परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये आला; पण आजही जिथे सायक्लोट्रॉन नाही, तिथे औषध रस्त्याने येते आणि वाटेतच ओसरू लागते. पहिल्या रुग्णाला तास लागला तर त्याच खेपेतून शेवटच्या रुग्णाला पुरेसे उरत नाही. दिवसाला किती रुग्ण होतात त्यावर यंत्राचा खर्च विभागला जातो, आणि तोच पुढे बिलात उतरतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेने अर्धवट माहितीतून पूर्ण चित्र रचण्याचे तंत्रही मदतीला येईल. मला ते हवे आहे, पण दुसऱ्या क्रमांकावर. ज्या सिक्वेन्सची गरजच नव्हती तो वेगाने घेऊन काय साधणार? शिवाय बारीक गाठ पुसली गेली नाही ना, हे माणसाच्या डोळ्यांनीच तपासावे लागेल.

पहिले काम यंत्राबाहेरचे आहे. रेडिओलॉजी आणि न्यूक्लिअर मेडिसिन यांनी प्रत्येक कर्करोगासाठी एकत्र बसून छोटा प्रोटोकॉल ठरवावा आणि अहवालही एकच द्यावा. मागणीपत्रावर नुसते ‘संपूर्ण शरीर, पेट-एमआरआय’ असेल, तर वेळ देण्याआधीच तो कागद पाठवणाऱ्या डॉक्टरांकडे परत जावा आणि नेमका प्रश्न लिहून यावा.