एक भाकर, वेगवेगळ्या पंगती

ख्रिस्ती उपासनेच्या केंद्रस्थानी एक भोजन आहे. क्रूसावर जाण्याच्या आदल्या रात्री येशूने आपल्या शिष्यांसमवेत भोजन घेतले, भाकर मोडून ‘हे माझे शरीर’ आणि प्याला देऊन ‘हे माझे रक्त’ असे म्हटले, अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे. त्या रात्रीचे स्मरण म्हणून जो विधी होतो त्याला कॅथलिक पंथीय मिस्सा म्हणतात, प्रॉटेस्टंट पंथीय प्रभुभोजन म्हणतात. विधीतील भाकर व द्राक्षारस ग्रहण करणे म्हणजे ‘कम्युनियन’. वसईच्या कॅथलिक कुटुंबांत मुलाचे पहिले कम्युनियन केवढ्या थाटाने साजरे होते, हे त्या परिसरातील हिंदू शेजाऱ्यांना ठाऊक आहे. नैवेद्य आणि प्रसाद यांचे मोल जाणणाऱ्या समाजाने दुसऱ्याच्या या विधीची चेष्टा करण्याचे काहीच कारण नाही. विधी पवित्र मानण्याचा अधिकार ज्याचा त्याला आहे.

प्रश्न विधीचा नाही, विधीच्या नावाने केल्या जाणाऱ्या दाव्याचा आहे. ‘कम्युनियन’ या शब्दाचा अर्थच सहभागिता. ग्रीक मूळ शब्द ‘कोइनोनिया’, त्याचाही अर्थ तोच. करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौलाने सिद्धान्त मांडला आहे की, भाकर एक असल्यामुळे ती खाणारे अनेक असूनही एक शरीर होतात. या सिद्धान्ताच्या बळावर गेली कित्येक शतके हिंदू समाजातील उपेक्षित बांधवांना सांगितले गेले की, तुमच्या धर्मात पंगती वेगळ्या आहेत. आमच्या मेजापाशी या, तेथे जात उरत नाही. दावा मोठा आहे. म्हणूनच तो तपासून पाहणे हा धर्मद्वेष नव्हे, विवेकाचे कर्तव्य आहे.

मेजापाशी पडलेली फूट

या मेजाचा युरोपातील इतिहास आधी पाहावा. १२१५ च्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने भाकर व द्राक्षारस यांचे तत्त्वतः ख्रिस्ताच्या शरीरात व रक्तात परिवर्तन होते, हा सिद्धान्त अधिकृत शब्दांत मांडला. १४१५ मध्ये कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेने सामान्य भाविकांना प्याला देण्यास मनाई केली. प्याला केवळ धर्मगुरूंचा ठरला. तोच प्याला बोहेमियातील हुसपंथीयांनी आपल्या ध्वजावर घेतला आणि १४१९ ते १४३४ या काळात त्या भूमीवर धर्मयुद्धे झाली. पुढे १५२९ मध्ये मारबुर्ग येथे मार्टिन लूथर आणि झ्विंगली समोरासमोर बसले. पंधरापैकी चौदा कलमांवर त्यांचे एकमत झाले. फिसकटले ते याच एका प्रश्नावर. भाकरीत ख्रिस्ताची खरी उपस्थिती आहे, असे लूथरचे म्हणणे. भाकर हे स्मरणाचे चिन्ह आहे, असे झ्विंगलीचे. ऐक्याच्या मेजावरून दोन सुधारक दोन वाटांनी गेले.

इंग्लंडने तर या भोजनाला राज्यकारभाराची चाळणी बनविले. १६७३ च्या टेस्ट कायद्यान्वये सरकारी पद हवे असेल तर अँग्लिकन चर्चमध्ये प्रभुभोजन घेणे आणि परिवर्तनाचा कॅथलिक सिद्धान्त नाकारणे बंधनकारक होते. प्रभुभोजनाची ही अट रद्द व्हायला १८२८ साल उजाडले. म्हणजे दीडशे वर्षे ज्या राष्ट्रात प्रभूची भाकर नोकरीचा परवाना होती, त्याच राष्ट्राचे पाद्री हिंदूंना पंगतभेदाबद्दल बोल लावत होते! आजही कॅथलिक चर्च सर्वसाधारणपणे प्रॉटेस्टंट ख्रिस्ती व्यक्तीला आपल्या मेजावर कम्युनियन देत नाही. २००३ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी या विषयावर स्वतंत्र परिपत्रक काढून तीच मर्यादा अधोरेखित केली. त्यांच्या श्रद्धेशी ते सुसंगत असेलही. पण मग ‘आमच्या मेजापाशी सर्व एक’ या वाक्यातील ‘सर्व’ कोण, हे स्पष्ट सांगायला नको काय?

तामिळ भूमीवरील अनुभव

हे मेज भारतात आले तेव्हा काय घडले? १६०६ मध्ये रॉबर्ट द नोबिली हा जेझुइट मदुराईस पोहोचला. त्याने काषाय वस्त्रे धारण केली, शाकाहार पत्करला आणि उच्चवर्णीयांत प्रचार आरंभिला. धर्मांतरितांनी जानवे व शेंडी ठेवण्यास पोप पंधरावे ग्रेगरी यांनी १६२३ मध्ये अनुमती दिली. पुढे या मिशनमध्ये धर्मप्रचारकांचेच दोन वर्ग झाले: ब्राह्मणांसाठी ब्राह्मण संन्याशाच्या वेषातील आणि इतर जातींसाठी ‘पंडारस्वामी’. एक प्रभू, एक भाकर. पण ती देणारा हात जातीप्रमाणे वेगळा! हा वाद रोमपर्यंत गेला आणि १७४४ मध्ये पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी जो निर्णय दिला, त्यात परैयर जातीच्या ख्रिस्ती लोकांसाठी स्वतंत्र मिशनरी नेमण्याची तडजोड मान्य झाली.

प्रॉटेस्टंट मिशनांची कहाणी फारशी निराळी नाही. तरंगमबाडीच्या डॅनिश-जर्मन मिशनच्या चर्चमध्ये अठराव्या शतकात जातवार बैठका होत्या. शतकभराने, १८३३ मध्ये, कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी चर्चमधील जातिभेद तत्काळ व कायमचा संपविण्याचा आदेश काढला, तेव्हा मद्रासच्या वेपेरी भागातील सवर्ण ख्रिस्ती चर्च सोडून बाहेर पडले. ज्या भोजनासाठी त्यांनी पूर्वजांचा धर्म सोडला होता, ते भोजन परैयर बांधवाशेजारी बसून घेणे त्यांना मान्य नव्हते. विल्सन यांचा हेतू प्रामाणिक होता, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु एका बिशपला असा आदेश काढावा लागतो, याचाच अर्थ भाकरीने जे आपोआप होते असे सांगितले जात होते, ते झालेले नव्हते.

हा केवळ जुना इतिहास असता तर त्यावर पडदा टाकता आला असता. पण मार्च २००८ मध्ये तामिळनाडूतील एरैयूर येथे भेदभावाला कंटाळलेल्या दलित कॅथलिकांनी स्वतंत्र पॅरिशची मागणी केली, तेव्हा सवर्ण कॅथलिकांशी संघर्ष पेटला आणि पोलिसांच्या गोळीबारात दोघांचा मृत्यू झाला. दोन्ही बाजू कॅथलिक, दोन्ही बाजूंची मिस्सा एकच. नोव्हेंबर २००३ मध्ये खुद्द पोप दुसरे जॉन पॉल यांनी तामिळनाडूच्या बिशपांना जातिभेदाविषयी कानपिचक्या दिल्या होत्या. डिसेंबर २०१६ मध्ये भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने आपल्या धोरणपत्रकातच चर्चमध्ये अस्पृश्यता पाळली जात असल्याची कबुली दिली. हे आरोप कोणा विरोधकाचे नाहीत; ही घरातलीच साक्ष आहे.

एकच माप हवे

यावर चर्चचे समर्थक सांगतात की, दोष सिद्धान्ताचा नाही, माणसांचा आहे; आमची श्रद्धा जात मानत नाही, समाजाची सवय मानते. युक्तिवाद बिनतोड आहे. अडचण एवढीच की, हाच युक्तिवाद हिंदूंनी केला तर तो अमान्य होतो. सर्वांभूती एकच आत्मतत्त्व पाहणारे वेदान्ताचे तत्त्वज्ञान हिंदूंनी पुढे केले की मिशनरी म्हणतात, तत्त्वज्ञान राहू द्या, आचरण दाखवा. ठीक आहे, पण मग आचरणाचे तेच माप चर्चलाही लागले पाहिजे. हिंदूंना आचरणाच्या तराजूत आणि स्वतःला सिद्धान्ताच्या तराजूत तोलायचे, हा न्याय नव्हे, हा व्यापार आहे.

दुसरी विसंगती अधिक गंभीर आहे. अनुसूचित जातींच्या सवलती धर्मांतरित ख्रिस्ती लोकांनाही मिळाव्यात, ही चर्चची जुनी मागणी आहे. बाप्तिस्मा आणि कम्युनियन यांनी जात संपते असे म्हणायचे असेल, तर या मागणीला आधार कोणता? आणि जात संपत नाही असे म्हणायचे असेल, तर जात संपविण्याच्या आश्वासनावर माणसे बोलावली कशी? दलित ख्रिस्ती बांधवाचे दुःख खरे आहे. म्हणूनच या प्रश्नाचे उत्तर त्याला मिळाले पाहिजे. ते देण्याचे दायित्व सरकारआधी बोलावणाऱ्यांचे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणाची चिकित्सा करताना मिशनरी धर्मांतरितांमधील जात मोडू शकले नाहीत, यावर नेमके बोट ठेवले होते. १९५६ मध्ये त्यांनी धर्म सोडला तेव्हा ते या मेजाकडे वळले नाहीत, यातला अर्थ चर्चने समजून घ्यावा.

आणि त्यांनी हिंदू धर्म का सोडला, याचा अर्थ हिंदूंनी समजून घ्यावा. दुसऱ्याच्या पंगतीतील भेद दाखवून आपल्या पंगतीतील भेद झाकला जात नाही. गोपाळकाल्यात सर्वांच्या शिदोऱ्या एकत्र करणारा वारकरी संप्रदाय याच मातीतला. तरीही पंढरीच्या विठ्ठलमंदिराचे दार अस्पृश्यांना उघडावे म्हणून १९४७ मध्ये साने गुरुजींना उपोषण करावे लागले. चोखोबा पायरीशीच राहिले. १९३० मध्ये नाशिकच्या काळाराम मंदिराचे दार बंद ठेवणारे हात परकीय मिशनऱ्यांचे नव्हते. दुसऱ्या बाजूला, १९३१ मध्ये रत्नागिरीत पतितपावन मंदिर उभे राहिले आणि स्वातंत्र्यवीर सावरकरांनी सहभोजनांचा धडाका लावला, तेव्हा विरोधही स्वकीयांचा होता आणि सुधारणाही स्वकीयांची.

भाकर एक आहे असे म्हटल्याने पंगत एक होत नाही. काला एक आहे असे म्हटल्यानेही होत नाही. पंगत एक होते ती शेजारी बसल्याने. ‘आमच्याकडे या, तेथे भेद नाही’ असे सांगण्याचा अधिकार ज्याने तो भेद खरोखर मोडला, त्यालाच आहे. चर्चने तो मोडला नाही, हे त्याचीच कागदपत्रे सांगतात. हिंदू समाजाने किती मोडला, हे प्रत्येक गावातील उत्सवाच्या पंगतीत कोण वाढतो, कोण जेवतो आणि कोण आजही दूर उभा आहे, यावरून ठरणार आहे. तो जो दूर उभा आहे, त्याला जवळ बसविणे हेच मिशनरी प्रचाराला खरे उत्तर. बाकी सारे शब्द आहेत.